पोलिओच्या वॉर्डापासून आईच्या हातांपर्यंत

मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे आजार असलेल्या मुलांच्या शुश्रूषेचा गेल्या पाऊणशे वर्षांचा आढावा घ्यायचा म्हटला, की औषधे आणि यंत्रेच आधी नजरेत भरतात. ती महत्त्वाची आहेतच. पण न्यूमोनियाचे मूल बरे होऊन घरी जाते, तसे या मुलांचे बहुधा होत नाही. मेंदूज्वरातून वाचलेले, सेरेब्रल पाल्सी असलेले किंवा फिट्स आटोक्यात न येणारे मूल दुखणे सोबत घेऊनच घरी जाते. पुढे ते कसे जगेल, हे वॉर्डातल्या सिस्टरने त्याच्या आईला काय शिकवले यावर फार अवलंबून असते. या काळातला सर्वांत मोठा बदल मला तोच वाटतो. शुश्रूषेचे कौशल्य हळूहळू घरच्यांच्या हाती आले. मात्र ते शिकवणाऱ्या सिस्टरच्या त्या कामाची मोजदाद आजही कुठे होत नाही.

सुरुवात पोलिओपासून करावी लागते. ताप येऊन गेला आणि मुलाचा पाय लुळा पडला, ही तेव्हा घरोघरची भीती होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लुळा अवयव फळ्या आणि प्लास्टर लावून महिनोन्महिने जखडून ठेवण्याची रीत होती. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने ती मोडली. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरी पट्ट्यांनी दुखरे, आखडलेले स्नायू शेकायचे आणि मग हलक्या हाताने ते हलवत राहायचे, ही तिची पद्धत. डॉक्टरांनी तिला कडाडून विरोध केला, तरी १९४२ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिस इथे तिच्या नावाची संस्था उभी राहिली. मुंबईत या वाटेवरचे पहिले मोठे काम फातेमा इस्माईल यांचे. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर त्यांनी उपचारांचा ध्यास घेतला आणि १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अली परिसरातल्या पुनर्वसनाच्या कामाची मुळे या प्रयत्नांत आहेत. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका आईने हे काम उभे केले, ही गोष्ट या क्षेत्रात पुढे पुन्हा घडणार होती.

त्याच काळात बालरोग वॉर्डांत दुसरा मोठा शत्रू होता, क्षयाचा मेंदूज्वर. स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत या आजारात मूल वाचत नसे. औषधे आली, मुले वाचू लागली आणि शुश्रूषेचे खरे काम तिथून सुरू झाले. आठवडेच्या आठवडे बेशुद्ध असलेल्या मुलाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. अर्धवट उघडे राहिलेले डोळे कोरडे पडून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून ते ओले ठेवायचे. तोंड स्वच्छ करायचे, घशात साठलेली लाळ ओढून काढायची, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवायचे. यातले एकही काम अवघड दिसत नाही. पण चोवीस तासांत ते एकदाही न चुकवणे हीच परीक्षा असते.

क्षयाच्या मेंदूज्वरात मेंदूतले पाणी साठून डोके मोठे होते. १९५० च्या दशकापर्यंत त्यावर टिकाऊ इलाज नव्हता. १९५६ मध्ये फिलाडेल्फियातल्या जॉन होल्टर या यंत्र-कारागिराने स्वतःच्या मुलासाठी झडप तयार केली आणि शंटची, म्हणजे साठलेले पाणी नळीने दुसरीकडे वळवण्याची, शस्त्रक्रिया जगभर रुळली. आपल्याकडे परदेशी शंट परवडत नसत. देशात बनलेल्या छाब्रा शंटने ही अडचण बरीचशी सोडवली. मात्र शंट तुंबतो, त्यात जंतुसंसर्ग होतो. हे सर्वांत आधी कळते ते मुलाच्या उशाशी असणाऱ्याला. टाळू फुगली आहे, रडणे एकाएकी चिरके झाले आहे, नजर खाली झुकून बुबुळावरचा पांढरा भाग दिसतो आहे, मूल सारखे पेंगते आहे, या खुणा यंत्राआधी सिस्टर टिपते. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्धीचे मोजमाप मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. न बोलणाऱ्या तान्ह्यांसाठी पुढे त्यात बदल झाले. ‘बाळ आज बरे वाटत नाही’ या सिस्टरच्या म्हणण्याला यामुळे आकडा मिळाला. रात्रपाळीच्या सिस्टरने १२ लिहिले आणि सकाळी ९ भरले, तर डॉक्टरला धावत यावेच लागते.

फातेमा इस्माईल यांच्यासारख्याच एका आईने, मिठू अलूर यांनी, १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. ज्या मुलांना ‘काही होणार नाही’ म्हणून घरात ठेवले जाई, त्यांच्यासाठी शाळा, उपचार आणि पालकांचे प्रशिक्षण एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. मूल बरे झाले नाही तरी ते शिकते, वाढते, हा विचार त्यातून पुढे आला. शुश्रूषेतही तो उतरला. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून भरवण्याची घरोघरी सवय असते. त्यामुळे घास श्वासनलिकेत जातो आणि वारंवार न्यूमोनिया होतो. मुलाला टेकू देऊन ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली ठेवायची, घास लहान आणि दाटसर द्यायचा, एवढ्याने पुष्कळ मुलांची रुग्णालयाची वारी कमी होते. हे शिकवायला महागडे साधन लागत नाही, वेळ लागतो.

फिट्सच्या बाबतीत परिचारिकांना समजुतींशीही झगडावे लागले. आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवायची, हातात किल्ल्या द्यायच्या, दातांत चमचा घालायचा, हे आजही अनेक घरांत होते. चमच्याने दात तुटतात, श्वास अडकतो. कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, एवढीच शिकवण हवी. पूर्वी अर्धा तास चाललेल्या फिटला गंभीर मानत. आता पाच मिनिटांची मर्यादा धरतात, कारण त्यापुढे फिट आपोआप थांबण्याची शक्यता घटते. नाकात फवारायच्या मिडाझोलॅम या औषधामुळे फिट थांबवण्याचा इलाज घरातच होऊ लागला. शिरेतून दिले जाणारे औषध जिथे डॉक्टरशिवाय शक्य नव्हते, तिथे आता गावातली आजीसुद्धा नातवाची फिट थांबवू शकते, मात्र तिला कोणीतरी नीट दाखवलेले असले तर.

औषध नसलेल्या आजारात शुश्रूषेचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या रुग्णांच्या रक्तात सापडलेला चांदीपुरा विषाणू वाळूमाशीतून पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठले आणि त्यातली १८३ दगावली. महाराष्ट्रालाही त्या वर्षी त्याची झळ बसली. काही तासांत मूल बेशुद्ध होते. यावर खास औषध नाही आणि लसही नाही. ताप उतरवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, फिट थांबवणे, सलाइनचा हिशेब चोख ठेवणे, मेंदूची सूज वाढते आहे का ते पाहणे, हाच उपचार. यातले बहुतेक सगळे परिचारिकेच्या हातून होते.

या सगळ्याचा कस लागतो तो डिस्चार्जच्या आधीच्या दिवशी. गिळता न येणाऱ्या मुलाच्या नाकातून पोटात नळी आहे आणि सिस्टर आईला समोर बसवते. ‘ताई, आधी ही खूण बघा, नाकाशी आहे ना? सरकली असेल तर दूध घालायचं नाही.’ पूर्वी नळीत हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटावर आवाज ऐकत. आता त्यावर भरवसा ठेवत नाहीत. नळीतून थोडा द्रव ओढून त्याची आम्लता तपासतात. मग डोक्याखाली उशी, सिरिंज उंच धरून दूध आपल्या वेगाने उतरू द्यायचे, दट्ट्या दाबायचा नाही, शेवटी थोडे पाणी, आणि अर्धा तास मूल आडवे करायचे नाही. पहिल्यांदा आईचा हात थरथरतो. दूध मध्येच थांबते. सिस्टर सिरिंज स्वतःकडे घेत नाही. ‘हात थोडा वर घ्या,’ एवढेच म्हणते. दूध पुन्हा उतरू लागते. पुढच्या वेळी ती शेजारी नुसती उभी राहते. फिटचे सायरप चमच्याने नव्हे, सिरिंजने मोजायचे आणि संपायच्या आधी आणायचे, हेही याच बैठकीत सांगून होते.

अलीकडच्या वर्षांत बरेच काही बदलले. देशातला वाइल्ड पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरला झाली. विकासात मागे पडणारी मुले लवकर हेरून जिल्हा केंद्रांत पाठवण्याची सोय त्यातून आली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आल्या. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी मुंबईतल्या घरांनी लोकवर्गणी उभी केल्याचेही आपण पाहिले. पण ते इंजेक्शन मिळालेल्या बाळालाही कफ ओढून काढणारे, कूस बदलणारे, श्वासाकडे लक्ष ठेवणारे हात लागतातच.

अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका हा निकष कागदावर आहे. सरकारी रुग्णालयांत तो फार क्वचित पाळला जातो. न्युरोसायन्स नर्सिंग आणि नवजात अर्भकांचे नर्सिंग यांचे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आहेत. या मुलांना दोन्हीकडचे ज्ञान लागते. अशी परिचारिका तयार झाली, तरी सहा महिन्यांत तिची बदली सर्जरीच्या वॉर्डात होते आणि शिकलेले वाया जाते. बदल्यांचा हा खाक्या आधी थांबवला पाहिजे.

दुसरे म्हणजे, आईला शिकवण्याचा वेळ ड्युटीत धरला पाहिजे. इंजेक्शन दिले की केसपेपरवर सही होते. तशीच सही नळीने भरवणे, फिट हाताळणे आणि कूस बदलणे आईने स्वतः करून दाखवल्यावर व्हावी आणि ती झाल्याशिवाय डिस्चार्ज नको. जिल्हा केंद्रांत अशा मुलांच्या घरी जाणारी, फोन उचलणारी एक परिचारिका नेमावी. पाऊणशे वर्षांत आपण या मुलांना वाचवायला शिकलो. आता त्यांच्या घरच्यांना तयार करणे हेही रुग्णालयाचेच काम आहे, आणि त्यासाठी पदे, वेळ आणि पगार मागण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.