आजोबांची दुनळी विकताना

शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि अनेक घरांतली तिसरी बंदूक विकायला निघाली. काही ठिकाणी आजोबा गेले, बाराबोर दुनळी पोलीस ठाण्यात जमा झाली आणि वारसाला परवाना नको आहे. याच कायद्याच्या कलम 21नुसार वारस ती पात्र व्यक्तीला विकू शकतो. त्याला मुदत असते, म्हणून चालढकल करू नये.

गिऱ्हाईक शोधायला ऑनलाइन जाहिरात उत्तम, पण ती खरी हवी. जाणकार माणूस दस्त्याच्या नक्षीआधी नळ्यांच्या तळाचे प्रूफ शिक्के पाहतो, चेंबर अडीच इंची की पावणेतीन ते विचारतो. अडीच इंची चेंबरमध्ये लांब काडतूस भरलं तर दाब वाढून नळी फुटू शकते. त्यामुळे हे माप जाहिरातीत हवंच. नळी दमास्कसची, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली असेल, तर तेही ठळक लिहा. आजची धूरविरहित दारूची काडतुसं अशा जुन्या नळीत वापरणं जिवावर बेतू शकतं. चार पैशांसाठी ही गोष्ट लपवणं मला अक्षम्य वाटतं. नळीतले खड्डे, दस्त्याची चीर, ढिली बिजागरी, सगळ्यांचे उजेडात काढलेले फोटो द्या. घरचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बंदुकीचा क्रमांक मात्र झाका.

किमतीचं म्हणाल, तर सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात 1980च्या दशकात बंद झाली. त्यामुळे सुस्थितीतल्या वेब्ली अँड स्कॉटसारख्या जुन्या विलायती बंदुकांना आजही चांगला भाव आहे.

सौदा ठरला, तरी बंदूक लगेच हातात द्यायची नाही. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावं लागतं. गिऱ्हाईक कितीही घाई करो, त्या आधी देणं हा गुन्हा आहे. हा वेळ घेणाऱ्याचा मूळ परवाना पाहण्यात घालवा: मुदत शिल्लक आहे का, त्यावर याच प्रकारच्या शस्त्राची परवानगी आहे का. लेखी कळवल्याची पोच जपून ठेवा. बंदूक कुरिअरने धाडू नका. स्थानिक परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात समोरासमोर ताबा द्या आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर, आणि विकणाऱ्याकडे परवाना असेल तर त्यावरही, नोंद करून घ्या.