डिझाइन लपवू नका, छापा! लंडनच्या एका सुताराची गोष्ट

प्रत्येक वर्कशॉपमध्ये हा प्रश्न येतोच – "सर, माझी डिझाइन्स व्हॉट्सॲपवर टाकली आणि कुणी कॉपी केली तर?" उत्तरासाठी आज २७० वर्षं मागे जाऊया.

थॉमस चिपेनडेल. यॉर्कशायरमधल्या ओटली गावच्या सुताराचा मुलगा. १७५४ मध्ये त्यानं लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये बस्तान बसवलं आणि त्याच वर्षी पुस्तक काढलं – 'द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर'. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली १६० पानं चित्रं! खुर्च्या, पलंग, कपाटं. सगळ्यांवर त्या काळच्या रोकोको फॅशनची वळणदार नक्षी, शिवाय चिनी आणि गॉथिक घाटही.

अशी नक्षीचित्रं फ्रान्समध्ये आधीपासून छापली जात होती. पण इंग्लंडमध्ये एका कारागिरानं स्वतःच्या फर्निचरचं एवढं मोठं पुस्तक काढणं नवीनच होतं.

आता त्याची हुशारी बघा.

१. छापण्याआधी गिऱ्हाईक: त्यानं आधीच ३०० हून जास्त वर्गणीदार नोंदवले. त्यात उमराव होते, तसे सुतारही.

२. निवडीला वाव: एकाच खुर्चीच्या चित्रात दोन पाय वेगवेगळ्या नक्षीचे. ज्याला जो आवडेल तो घ्या!

३. थांबला नाही: प्रतिस्पर्धी इन्स आणि मेह्यू यांनी स्वतःची चित्रं छापायला घेतली. यानं १७६२ मध्ये नवी डिझाइन्स घालून २०० चित्रांची आवृत्ती आणली.

मग कॉपी झाली का? भरपूर! पार अमेरिकेतल्या फिलाडेल्फियापर्यंत. पण त्यामुळेच 'चिपेनडेल' हे एका शैलीचं नाव बनलं. आजही कुठल्यातरी अनोळखी सुतारानं केलेली खुर्ची त्याच्याच नावानं ओळखली जाते.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. नाव झालं, तरी गल्ल्यात पैसा वेळेवर येत नव्हता. नॉस्टेल प्रायरीचे मालक सर रोलंड विन यांच्याकडे थकलेल्या बिलासाठी त्याला पत्रांवर पत्रं लिहावी लागली. पुढे मुलाच्या काळात, १८०४ मध्ये, दिवाळं निघालं.

म्हणजे काय? कॅटलॉग गिऱ्हाईक आणतो, वसुली मात्र आपल्यालाच करावी लागते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमची दहा डिझाइन्स नाव आणि मापांसह एका पीडीएफमध्ये टाका. आणि शेवटच्या पानावर ठळक लिहा – 'ऑर्डरसोबत ५० टक्के ॲडव्हान्स'. लागा कामाला!