स्वतःच्या मापाचे रंग

क्रोशाची सुई मराठी घराला नवी नाही. दाराचे तोरण, टीपॉयवरचा रुमाल, लेकीच्या रुखवतातील जाळीकाम, नातवाचे टोपडे असे कितीतरी तिने विणले. विणणारीच्या अंगावर मात्र तिचे काम क्वचितच आले. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशा विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस यांचा अभ्यासग्रंथ 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीसाठी तासन्‌तास विणूनही त्यांचे श्रम गृहिणीच्या फावल्या वेळातील उद्योगच समजले जात, हे त्यात नोंदलेले आहे. तेव्हा या खेपेस सुई हाती घ्याल ती स्वतःसाठी घ्या आणि एक रंगीबेरंगी टॉप विणा.

पहिले काम मापपट्टीचे. छातीचा घेर मोजा. पोट किंवा नितंब अधिक रुंद असतील तर तोच आकडा धरा. बाळंतपणानंतरचे, रजोनिवृत्तीनंतरचे, दीर्घ औषधोपचारानंतरचे, जसे आज आहे तसे शरीर मोजायचे. ‘थोडे वजन उतरले की बसेल’ या हिशेबाने केलेला कपडा कपाटातच राहतो आणि दार उघडले की आपल्याला दटावतो.

समजा, घेर 92 सेंमी आहे. अंगाला हवा लागावी म्हणून 4 सेंमी सैल धरा, म्हणजे 96. बाजू 12 सेंमी असलेले आठ चौकोन झाले, पुढे चार आणि मागे चार. अशा चार ओळी घेतल्या की उंची 48 सेंमी भरते. पुढच्या वरच्या ओळीतील मधले दोन चौकोन गाळले की चौकोनी गळा तयार होतो. एकूण चौकोन 30. खांदा जरा खाली उतरतो, त्यामुळे बाही वेगळी विणावी लागत नाही.

आपल्या हवेला लोकरीपेक्षा सुती दोरा बरा. चार साखळ्यांचे कडे करा. त्यात तीन-तीन खांबांचे चार गट घाला आणि गटांमध्ये दोन साखळ्या सोडा. हे चार कोपरे झाले. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात दोन गट आणि बाजूच्या फटीत एक गट. दोरा व हात यांनुसार चार-पाच फेऱ्यांत चौकोन पुरा होतो. आतल्या फेऱ्यांना उरलेसुरले रंग खुशाल वापरा, शेवटची फेरी मात्र सर्व चौकोनांना एकाच रंगाची ठेवा. त्या एका रंगामुळे बाकीची उधळण आवरती दिसते.

पहिला चौकोन धुऊन, वाळवून मगच मोजा. तो 11.5 सेंमी भरला तर आठ चौकोनांत 4 सेंमी घटतील, म्हणजे सैलपणासाठी धरलेली सगळी जागा जाईल. अशा वेळी सुई एक नंबर मोठी घ्यावी. पाच चौकोन स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून त्या वजनाला सहाने गुणले की दोऱ्याचा अंदाज येतो. गडद लाल-निळ्या दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रंग सुटतो का, हेही आधीच पाहा.

क्रोशाने मन शांत होते का? 2020 मध्ये प्रकाशित झालेल्या एका ऑस्ट्रेलियन पाहणीत 8,000 हून अधिक क्रोशा विणणाऱ्यांनी उत्तरे दिली आणि बहुसंख्यांनी ‘होय’ म्हटले. ही उत्तरे मुळात विणण्याची आवड असलेल्यांची आहेत, हे लक्षात ठेवावे. या विरंगुळ्याला औषधाचे स्थान देऊन चालू उपचार थांबवू नयेत.

हातांची काळजी अधिक महत्त्वाची. सुई घट्ट आवळू नका, मनगट सरळ ठेवा, मांडीवर उशी घ्या म्हणजे मान फार झुकत नाही. अर्ध्या तासाने काम खाली ठेवून बोटे पूर्ण ताणा, खांदे फिरवा. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री बधिरपणाने जाग येत असेल, तर मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते. गरोदरपणी, तसेच मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असणाऱ्यांत हा त्रास अधिक आढळतो. विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. चाळिशीनंतर काळा दोरा रात्री विणायला घेऊ नये, टाके दिसत नाहीत आणि डोळे उगाच शिणतात. तो दिवसा, खिडकीशी बसून विणावा.

चौकोन मुक्या खांबांनी जोडा. बाजू शिवताना वरचे 18 सेंमी हातासाठी मोकळे सोडा. धुतल्यावर दोरीवर टांगू नका. ओला सुती दोरा जड असतो, टॉप लांबत जातो. टॉवेलवर आडवा पसरून सावलीत वाळवा. शेवटच्या फेरीच्या रंगाची एक गुंडी जपून ठेवा. पुढे अंग भरले तर बाजूची शिवण उसवून दोन्हीकडे खांबांच्या दोन-तीन ओळी वाढवता येतात.