अंधेरी–ट्रॉम्बे : उखडलेला फाटा

चेंबूरला रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे. 1906 मध्ये कुर्ल्याहून इथवर एकेरी रूळ टाकले गेले ते मुंबईचा कचरा खाडीकाठच्या दलदलीत आणून ओतण्यासाठी. प्रवाशांना या मार्गावर जागा मिळाली 1924 मध्ये. पुढे हाच मार्ग मानखुर्दपर्यंत गेला, 1992 मध्ये ठाणे खाडी ओलांडून वाशीला पोहोचला आणि आज हार्बर लाइन म्हणून लाखोंचा भार वाहतो. याच भागात दुसरा एक फाटा होता, ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारा, सुमारे 13 किलोमीटरचा. साष्टी–ट्रॉम्बे रेल्वे हे त्याचं नाव. तो 1928 मध्ये सुरू झाला आणि 1934 मध्ये बंद पडला. कचऱ्याचा मार्ग टिकला आणि माणसांचा गेला. यात केवळ नशिबाचा भाग नाही. कचऱ्याच्या मार्गाची जागा रेल्वेच्या हातात राहिली, म्हणून शहर वाढलं तेव्हा तो वाढू शकला. अंधेरीच्या फाट्याचे रूळ गेले आणि त्यांच्याबरोबर वाटही गेली. माझा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला आहे.

गाडी परवडत नसेल तर बंद करावी, यात वाद नाही. पण 1934 चा हिशेब 1934 पुरताच खरा होता. 1954 ते 1956 या दोन वर्षांत ट्रॉम्बे–माहुल परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने, अणुऊर्जा संस्था आणि टाटांचं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत चेंबूरला त्याआधीच झाली होती. रूळ उखडून पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती, तोच ज्या टोकाला माणसं मिळत नाहीत म्हणावं तिथे कामगारांची रीघ लागली. मग पूर्व–पश्चिम जोडणीसाठी शहराने पुन्हा पैसे मोजले. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याचं काम 2003 मध्ये सुरू झालं आणि रस्ता खुला व्हायला 2014 साल उजाडलं. साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर, वाटेत दुमजली उड्डाणपूल, आणि त्याआधी हजारो कुटुंबांचं पुनर्वसन. आता मेट्रो 2 ब ची आखणी पाहा : अंधेरीच्या डी. एन. नगरपासून वांद्रे, कुर्ला, चेंबूर करत मंडाळ्यापर्यंत, 23 किलोमीटरहून अधिक, मंजूर खर्च 10,986 कोटी रुपये. मधली वाट वेगळी असली तरी जोडायची ठिकाणं बरीचशी तीच.

यावर कोणी म्हणेल, मुंबईत मोकळी पट्टी टिकलीच नसती, तिच्यावर झोपड्या तरी झाल्या असत्या नाहीतर इमारती तरी. हा आक्षेप वजनदार आहे, पण इंग्लंडच्या खेड्यांतल्या कालव्यांचा अनुभव वेगळं सांगतो. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग गाळाने भरला होता, त्याची दारं कुजली होती. 1958 मध्ये स्थानिक कौन्सिलने तो कायमचा सोडून देण्याची परवानगी मागितली, कारण म्हणे कोणी तो वापरतच नाही. होडी वल्हवणाऱ्यांनी भरलेल्या टोलच्या पावत्या पुढे आल्या आणि अर्ज फेटाळला गेला. स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदी यांनी गाळ उपसला, दारं बसवली, आणि 1964 मध्ये कालवा पुन्हा खुला झाला. तिथे जमीन स्वस्त होती हे मान्य. पण कालवा वाचवला तो जमिनीच्या स्वस्ताईने नव्हे. कागदावर तो अजून कालवाच होता, आणि तो सोडण्याआधी कोणाला तरी उत्तर द्यावं लागत होतं. मेट्रो खांबांवरून जाते, जुनी पट्टी असती तरी काय फरक पडला असता, असंही विचारतात. मेट्रोलाही खांब रोवायला, स्थानकाचे जिने उतरवायला आणि कारशेडला जमीन लागतेच, आणि दाट वस्तीत तीच मिळवताना वर्षं जातात.

हाच प्रश्न आज आणखी दोन मार्गांपुढे आहे. वडाळा–चेंबूर मोनोरेल 2014 मध्ये धावू लागली, तेव्हापासून तिच्या तोट्याची चर्चा थांबलेली नाही. कुर्ल्याहून ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या मालगाड्यांच्या रुळांलगत वस्ती वाढली आहे. या दोन्ही मार्गांवर उद्या काहीही धावो किंवा न धावो, त्यांची जागा विकास आराखड्यात वाहतूक मार्ग म्हणून राखून ठेवावी, आणि ती वगळायची असेल तर जाहीर सुनावणी घेतल्याशिवाय वगळू नये.