मोबाईलचें फर्मवेअर पुन्हां बसविण्यापूर्वीं

पूर्वीं पीक पाहणीचें काम तलाठी करीत असे व गांव नमुना १२ मधील नोंद त्याच्या हातची असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि उभ्या पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करण्याचें काम खातेदाराच्या स्वतःच्या हातीं आलें. पुढें २०२५ च्या हंगामांत भारतीय कापूस महामंडळानें हमीभावाच्या कापूस खरेदीसाठीं 'कपास किसान' या अॅपवर नोंदणी ठेविली. बँकेचे संदेश, ओ.टी.पी., बाजारसमितीचे भाव हें सर्व आतां तळहाताएवढ्या एका यंत्रांतून येतें. तेव्हां ऐन हंगामांत मोबाईल बंद पडणें ही केवळ गैरसोयीची बाब राहिलेली नाहीं.

अशा वेळीं बहुधा असें घडतें कीं, फोन अगदींच मृत होत नाहीं. कंपनीचें नांव पडद्यावर दाखवितो व तेथेंच अडून बसतो. आपण तो घेऊन अकोल्यास किंवा अमरावतीस दुकानांत जातों. दुकानदार पाहतो व म्हणतो, "सॉफ्टवेअर टाकावें लागेल." या तीन शब्दांचा अर्थ पुरता न समजतां आपण मान हालवितों आणि संध्याकाळीं फोन नव्यासारखा चालू होऊन परत मिळतो. मात्र त्यांतील सर्व मजकूर गेलेला असतो. यंत्र दुरुस्त होणें व यंत्रांतील मजकूर वांचणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत, हें मान हालविण्यापूर्वीं कळावें, एवढ्याचसाठीं आम्हीं हा विषय घेतला आहे.

फर्मवेअर म्हणजे काय

मोबाईल अथवा टॅब्लेट हा मुळांत एक लहान संगणकच होय. त्यांतील पडदा, कॅमेरा, बॅटरी इत्यादि अवयवांनीं केव्हां काय करावें हें सांगणारा जो मूलभूत आज्ञासंच कारखान्यांतच भरलेला असतो, त्यास फर्मवेअर म्हणतात. कळ दाबल्याबरोबर प्रथम 'बूटलोडर' नांवाचा लहानसा भाग जागा होतो. पुढील भाग अस्सल आहे कीं नाहीं हें तो कंपनीच्या डिजिटल सहीवरून तपासतो व मग अँड्रॉइड किंवा आय.ओ.एस. ही मुख्य व्यवस्था चालू करतो. नेटवर्कशीं संबंध ठेवणारा मोडेमचा भाग आणखी निराळा. त्याच साठवणींत, परंतु वेगळ्या वाफ्यांत, आपला मजकूर असतो: छायाचित्रें, संदेश, लोकांचे क्रमांक, निरनिराळीं अॅपें व त्यांतील माहिती.

शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर फर्मवेअर ही जमीन व आपला मजकूर हें तीवरील उभें पीक. फर्मवेअर पुन्हां बसविणें म्हणजे बहुतेक वेळां सबंध रानांत नांगर घालणें होय. रान साफ होतें खरें, पण नांगर उभें पीक ओळखीत नाहीं.

बिघाड कोठें आहे

फर्मवेअर बिघडण्याचीं कारणें ठराविक आहेत. नवी आवृत्ति बसत असतां मध्येंच बॅटरी संपणें, साठवण कांठोकांठ भरणें, अनोळखी ठिकाणचें अॅप घेणें, चुकीची फाइल घालणें, किंवा साठवणीची चकतीच जुनी होऊन झिजणें. अलीकडील पुष्कळ यंत्रांत मुख्य व्यवस्थेच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, त्यामुळें एक बिघडली तरी यंत्र दुसरीवर परत येतें. परंतु सर्वच यंत्रांत ही सोय नाहीं.

फोन कंपनीच्या नांवापर्यंत येऊन वारंवार पुन्हां चालू होत असेल व केबलनें जोडल्यावर संगणक त्यास ओळखीत असेल, तर फर्मवेअरचा संशय रास्त आहे. उलट, फवारणीच्या दिवसांत खिशांत भिजलेला, बॅटरी फुगलेला, किंवा चार्जिंगला मुळींच दाद न देणारा फोन कोणत्याही फाइलीनें सुधारणार नाहीं. तेथें अवयवच दुरुस्त करावे लागतात. साठवणीची चकती झिजली असल्यास फर्मवेअर बसल्यासारखें दिसतें व आठ-पंधरा दिवसांत पुन्हां तेंच दुखणें उद्भवतें.

आधीं सौम्य उपाय

नांगरापूर्वीं डवरा हा नियम येथेंही पाळावा. प्रथम अस्सल चार्जरवर फोन निदान एक तास ठेवावा. नंतर चालू-बंद करण्याची कळ व आवाज कमी करण्याची कळ एकत्र दहा ते वीस सेकंद दाबून धरावी. पुष्कळ अँड्रॉइड फोन यानें सक्तीनें पुन्हां चालू होतात. फोन उघडत असेल पण लगेच अडत असेल, तर 'सेफ मोड' मध्यें चालू करून नुकतेंच घेतलेलें अॅप काढून टाकावें. मेमरी कार्ड काढूनही एकदां पाहावें.

तरीही न उघडल्यास 'रिकव्हरी' नांवाची यादी कळांच्या साहाय्यानें पडद्यावर आणतां येते. तींत 'रीबूट' हें निर्धोक आहे. 'वाइप कॅश' हा पर्याय जेथें असेल तेथें तोही करून पाहण्यास हरकत नाहीं. त्यानें तात्पुरता साठा तेवढा जातो. परंतु 'वाइप डेटा' अथवा 'फॅक्टरी रीसेट' या शब्दांपुढें थांबावें. त्यानें आपला सर्व मजकूर पुसला जातो. कित्येक यंत्रांत हे पर्याय एकाखालीं एक असतात व बोट चुकण्यास वेळ लागत नाहीं.

काय जातें व काय राहतें

येथें कित्येकांचा असा समज असतो कीं, पुसलेला मजकूर एखादा जाणता कारागीर मागाहून काढून देईल. जुन्या यंत्रांत हें कांहीं अंशीं शक्य होतें. परंतु अँड्रॉइड १० अथवा त्यापुढील आवृत्ति घेऊन बाजारांत आलेल्या यंत्रांत सर्व मजकूर कुलूपबंद सांकेतिक रूपांत राहतो व पुसतांना त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग चकती काढून पाहिली तरी हातीं निरर्थक अक्षरेंच येतात.

याकरितां कोणती वस्तु कोठें राहते हें ओळखून ठेवावें. सात-बारा, फेरफार, बँकेचें खातें हे मोबाईलमध्यें नाहींत. ते त्या त्या दप्तरीं आहेत व फोन गेला तरी त्यांस धक्का लागत नाहीं. ई-पीक पाहणीची जी नोंद 'अपलोड' झाली तीही शासनाकडे पोहोंचली. पण मेळघाटांत किंवा नदीकांठच्या शिवारांत नेटवर्क न मिळाल्यामुळें जी माहिती फोनमध्येंच ठेवून दिली व मागाहून पाठवावयाची राहिली, ती मात्र फोनबरोबरच जाते. तसेंच खरेदीच्या पावत्यांचीं छायाचित्रें, मजुरांचा टिपून ठेवलेला हिशेब, गेल्या वर्षीच्या अतिवृष्टींतील शेताचे फोटो, वडिलांचा आवाज, हें सर्व ज्यानें अन्यत्र ठेवलें नाहीं त्याचें गेलें तें गेलें.

फाइल व बियाणें

फर्मवेअरची फाइल निवडणें हें बियाणें निवडण्यासारखेंच आहे. वऱ्हाडांत चोरट्या मार्गानें येणाऱ्या कपाशीच्या बियाण्याचा अनुभव कोणास नाहीं? पाकीट चकचकीत असतें, पावती मात्र मिळत नाहीं, व फसल्यावर दाद मागण्यास जागा उरत नाहीं. अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेतलेल्या फर्मवेअरचीही तीच गत आहे. त्यांत बँकेचे संदेश चोरून वाचणारा भाग मिसळलेला असला तरी वरून तो दिसत नाहीं.

शिवाय फाइल अस्सल असून भागत नाहीं, ती त्याच यंत्राची असावी लागते. एकाच नांवाच्या फोनचे चार-चार प्रकार असतात व त्यांतील चकत्या भिन्न असतात. म्हणून खोक्यावरील अगर यंत्रावरील पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह जुळवावा. देशाचा विभागही जुळवावा. यंत्रांत असलेल्या आवृत्तीहून जुनी फाइल घालण्याचा खटाटोप करूं नये. सुरक्षिततेसाठीं कित्येक कंपन्यांनीं मागें जाण्याची वाट बंद केली आहे, व तो प्रयत्न केल्यास चालू होण्याजोगें यंत्रही कायमचें बंद पडूं शकतें.

निरनिराळ्या यंत्रांची रीत

ॲपलच्या यंत्रांस कंपनीच्याच संगणक-अॅपमधून फर्मवेअर मिळतें. तेथें 'अपडेट' व 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. पहिल्यानें मजकूर न पुसतां व्यवस्था पुन्हां बसविण्याचा प्रयत्न होतो, दुसऱ्यानें सर्व पुसलें जातें. अर्थात् 'अपडेट' आधीं करून पाहावें.

मोटोरोला व लेनोवो यांच्या यंत्रांसाठीं कंपनीनें 'सॉफ्टवेअर फिक्स' नांवाचें साधन दिलें आहे. तें यंत्र ओळखून योग्य फाइल स्वतःच उतरवून घेतें. 

सॅमसंगच्या बाबतींत दुकानदार 'ओडिन' नांवाचें साधन वापरतात. त्यांत बी.एल., ए.पी., सी.पी. व सी.एस.सी. असे चार भाग घालावे लागतात. (ही सी.एस.सी. म्हणजे आपल्या गांवांतील सेवाकेंद्र नव्हे; तो देश व कंपनीविषयक जुळणीचा भाग आहे.) या चौथ्या भागाच्या दोन फाइली असतात. साधी 'सी.एस.सी.' घातल्यास मजकूर पुसला जातो, 'होम सी.एस.सी.' घातल्यास तो बहुधा राहतो. एका शब्दाचा हा फरक दुकानदारास ठाऊक असतो, पण विचारल्यावांचून तो तसदी घेईलच असें नाहीं.

शाओमीच्या फोनवर बूटलोडरचें कुलूप असतांना साधारणतः 'फास्टबूट' ची फाइल बसत नाहीं, व तें कुलूप काढण्याच्या क्रियेंतच सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून येथें कंपनीचें सेवाकेंद्र गांठणें बरें. मीडियाटेकची चकती असलेल्या स्वस्त फोनसाठीं 'एस.पी. फ्लॅश टूल' वापरतात. त्यांतील 'फॉरमॅट ऑल' हा पर्याय केव्हांही घेऊं देऊं नये. त्यानें मजकुराबरोबर यंत्राचा आय.एम.ई.आय. क्रमांक व नेटवर्कची जुळणी ज्या भागांत असते तोही पुसला जातो, आणि फोन उघडतो पण सिम ओळखीत नाहीं.

काम चालू असतां वीज व केबल यांकडे विशेष लक्ष असावें. यंत्राची बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली असावी व संगणक स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असावा. वीज जाण्याचा आपल्याकडील प्रकार सर्वांस ठाऊकच आहे. फाइल चढत असतां केबल हालली तर अर्धवट नांगरलेल्या रानासारखी, ना धड पेरणीची ना पडीत, अशी अवस्था होते.

कुलूप व कायदा

फर्मवेअर बसल्यावर पुष्कळ अँड्रॉइड फोन पूर्वीच्या गूगल खात्याचें नांव व परवलीचा शब्द मागतात. चोरीस आळा बसावा म्हणून २०१५ पासून ही व्यवस्था आली. खातें मुलानें किंवा दुकानदारानें उघडून दिलें असेल व शब्द कोणासच आठवत नसेल, तर स्वतःच्याच फोनच्या दारांत आपण परके ठरतों. तो शब्द घरच्या वहींत आजच लिहून ठेवावा.

आय.एम.ई.आय. क्रमांकाशीं खेळ करणें हा अपराध आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वयें त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. "क्रमांक गेला आहे, दुसरा टाकून देतों," असें कोणी म्हटल्यास फोन परत घ्यावा. *#०६# फिरविल्यास हा क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरील क्रमांकाशीं दुरुस्तीपूर्वीं व नंतर ताडून पाहावा.

दुकानांत विचारावयाचे प्रश्न

(१) सौम्य उपाय करून झाले काय? (२) मजकूर न पुसतां फाइल बसविण्याची रीत या यंत्रास आहे काय? (३) फाइल कंपनीची व याच मॉडेलची आहे काय? (४) मजकूर पुसण्यापूर्वीं आम्हांस विचाराल काय? (५) काम न साधल्यास आकार किती? फोन देतांना सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावें, आणि यू.पी.आय. चा गुप्त अंक कोणासही सांगूं नये. फोन परत आल्यावर सर्व अॅपें प्ले स्टोअरमधूनच घ्यावींत, 'पी.एम. किसान' सारख्या नांवानें व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ए.पी.के. फाइलींनीं फसवणुकी झालेल्या आहेत.

घाईचा प्रश्न

मजकूर जाण्याचें खरें कारण आमच्या मतें अज्ञानापेक्षां घाई हें आहे. पीक पाहणीची मुदत संपत आली असतां फोन अडतो, व मनुष्य म्हणतो, "कांहींही करा पण आज चालू करा." वस्तुतः तशी निकड नसते. ई-पीक पाहणींत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करतां येते. शेजाऱ्याचा किंवा मुलाचा फोन घेऊन शेतांत जावें, आपल्या खात्याची नोंद पुरी करावी, आणि आपलें सिम त्या अवधींत दुसऱ्या यंत्रांत घालून संदेश घ्यावे. मुदतीचा प्रश्न असा सुटल्यावर आपला अडलेला फोन चार दिवस सेवाकेंद्रांत पडून राहिला तरी बिघडत नाहीं, व मजकूर राखून दुरुस्ती करण्यास कारागिरास सवड मिळते.

पेरणी आटोपल्यावर व सोंगणीपूर्वीं, असें वर्षांतून दोनदां तरी, छायाचित्रें व पावत्या संगणकावर अगर मेमरी कार्डावर उतरवून तें कार्ड खरेदीखताच्या पेटींत ठेवावें. त्यास एक तास व अल्प खर्च पुरतो. एवढें केलेल्या शेतकऱ्यानें दुकानदारास "टाका सॉफ्टवेअर" असें निःशंक मनानें सांगावें.