दोन मोबाईल रेडिओ जोडून रिपीटर कसा बनवतात?

२०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये पुराचं पाणी शिरलं, तेव्हा विजेपाठोपाठ मोबाईल नेटवर्कही गेलं. अशा वेळी वॉकीटॉकी कामाला येतो, कारण त्याला मध्ये टॉवर, सिमकार्ड किंवा इंटरनेट लागत नाही. पण त्याची एक अडचण आहे. समोरचा माणूस डोंगराच्या पलीकडे गेला की आवाज बंद. यावरचा उपाय म्हणजे रिपीटर. तयार रिपीटर विकत घ्यायला बराच पैसा लागतो, म्हणून हॅम रेडिओवाले वर्षानुवर्षं दोन जुने मोबाईल रेडिओ जोडून तो घरीच बनवत आले आहेत. तो कसा बनतो आणि कुठे फसतो, ते आज बघूया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे 'मोबाईल' म्हणजे फोन नाही. जीपमध्ये किंवा टॅक्सीत डॅशबोर्डखाली बसवतात तो १२ व्होल्टवर चालणारा, २५ ते ५० वॉटचा वायरलेस सेट म्हणजे मोबाईल रेडिओ.

रिपीटर का लागतो?

व्हीएचएफ आणि यूएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यामुळे किती लांब बोलता येईल हे वॉटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर जास्त अवलंबून असतं. हिशोब सोपा आहे: दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या हातातले सेट दीड-दीड मीटर उंचीवर धरले, तर उत्तर येतं १० किलोमीटर. तेही सपाट माळरानावर. शहरातल्या इमारतींमध्ये ते दोन-तीन किलोमीटरवर येतं. आता सिंहगडाचं उदाहरण घ्या. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आणि पुणे शहराची सुमारे ५६०. म्हणजे गड शहरापेक्षा साधारण ७५० मीटर उंच. तिथे अँटेना ठेवली तर त्याच सूत्राने उत्तर येतं जवळजवळ ११८ किलोमीटर. मध्ये दुसरा डोंगर आला तर तेवढा भाग सावलीत जाणार, पण फरक लक्षात आला असेल. दूरदर्शनचा टॉवर सिंहगडावर उगीच नाही बांधलेला!

रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेला मध्यस्थ. तो एका फ्रिक्वेन्सीवर तुमचा आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा पाठवतो. उदाहरणार्थ, १४५.०५० मेगाहर्ट्झवर ऐकायचं आणि १४५.६५० वर पाठवायचं. या ६०० किलोहर्ट्झच्या फरकाला ऑफसेट म्हणतात.

तुम्ही म्हणाल, घरातला वाय-फाय एक्स्टेंडर तर एकाच चॅनेलवर हे काम करतो, मग इथे दोन रेडिओ कशाला? एक्स्टेंडरकडे डेटाचे तुकडे येतात. तो एक तुकडा घेतो, साठवतो, मग पुढे पाठवतो. इथे मात्र चालू बोलणं आहे. ऐकणं आणि पाठवणं एकाच वेळी चालू ठेवावं लागतं, आणि साधा मोबाईल रेडिओ एका वेळी दोन्हीपैकी एकच काम करतो. म्हणून एक रेडिओ फक्त कान आणि दुसरा फक्त तोंड.

जोडणी: चार वायरींचा खेळ

दोन्ही रेडिओंच्या मागे अ‍ॅक्सेसरी किंवा डेटा पोर्ट असेल तर काम निम्मं झालं असं समजा. हॅम सेटवर बहुतेक वेळा ६ पिनांचा मिनी-डिन पोर्ट असतो आणि कंपन्यांच्या व्यावसायिक सेटवर १६ किंवा २० पिनांचा. कोणती पिन कशाची हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा, अंदाजाने नाही. आपल्याला चारच गोष्टी हव्यात:

१. सीओआर: सिग्नल आला की ऐकणारा रेडिओ या पिनवर व्होल्टेज बदलून 'कोणीतरी बोलतंय' हे सांगतो.

२. पीटीटी: ही पिन ग्राउंडला जोडली की पाठवणारा रेडिओ ट्रान्समिट करू लागतो.

३. ऑडिओ: ऐकणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे जाणारा आवाज.

४. ग्राउंड.

सीओआर पिन सिग्नल आल्यावर ५ व्होल्टवर जात असेल, तर बीसी५४७ सारखा एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर एवढ्यावर पीटीटी चालतं. काही सेटमध्ये उलटं असतं, सिग्नल आला की व्होल्टेज शून्य होतं. तिथे आणखी एक ट्रान्झिस्टर लावून ते पुन्हा उलटं करावं लागतं.

ऑडिओ मात्र जपून. स्पीकरच्या वायरीतून आवाज घेतला तर कोणीतरी व्हॉल्यूमची चावी फिरवली की रिपीटरचा आवाज बदलतो. म्हणून मागच्या पोर्टवरचा, व्हॉल्यूमशी संबंध नसलेला आवाज घ्या. तो दोन प्रकारचा असतो. एफएम रेडिओ पाठवताना उंच स्वर मुद्दाम वाढवतो आणि ऐकणारा ते परत खाली आणतो. डिस्क्रिमिनेटरवरून थेट घेतलेल्या आवाजात हे वाढवलेले स्वर तसेच असतात. तो माईकच्या पिनला दिला तर ते दुसऱ्यांदा वाढतात आणि आवाज किरकिरा, चिरका येतो. उलट, खाली आणलेला आवाज 'फ्लॅट' इनपुटला दिला तर बोलणारा गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. म्हणजे डिस्क्रिमिनेटरची जोडी फ्लॅट इनपुटशी आणि प्रक्रिया झालेल्या आवाजाची जोडी माईकशी.

मध्ये एक ६०० ओहमचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि पातळी कमी-जास्त करायला एक प्रीसेट टाका. ट्रान्सफॉर्मरमुळे दोन सेटच्या ग्राउंडमधून येणारी गुणगुण बंद होते.

कंट्रोलर: इथे कोड लिहायला मिळतो

फक्त ट्रान्झिस्टरवर रिपीटर चालेल, पण चांगला चालणार नाही. आर्डुइनो बसवला की तीन गोष्टी करता येतात. बोलणं थांबल्यावर एक-दोन सेकंद ट्रान्समीटर चालू ठेवायचा, म्हणजे सिग्नल जरा डगमगला तरी वाक्य तुटत नाही. कोणाच्या सेटचं बटण दाबलेलंच राहिलं तर तीन मिनिटांनी ट्रान्समीटर बंद करायचा. आणि ठराविक वेळाने, सहसा दहा मिनिटांनी, स्टेशनचं कॉल साइन मोर्समध्ये पाठवायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही चार अवस्थांची स्टेट मशीन आहे: शांत, रिले, शेपूट आणि टाइम-आउट. टाइम-आउटमधून बाहेर यायची अट नीट लिहा. सिग्नल पूर्ण गेल्याशिवाय बाहेर यायचं नाही, नाहीतर अडकलेलं बटण रिपीटरला दिवसभर चालू-बंद करत राहील. आणि आर्डुइनो हँग झाला तर वॉचडॉगने तो रीसेट व्हायला हवा. डोंगरावर जाऊन रीसेटचं बटण दाबायला कोण बसलंय?

शिवाय सीटीसीएसएस टोन नक्की लावा. ८८.५ हर्ट्झसारखा एक बारीक टोन बोलणाऱ्याच्या सिग्नलमध्ये मिसळलेला असेल तरच रिपीटर उघडतो. भटका सिग्नल किंवा खराब एसएमपीएसचा आवाज आला तर तो गप्प राहतो.

खरी डोकेदुखी: स्वतःचाच आवाज

इथपर्यंतचं काम एका रविवारात होतं. दोन्ही सेटला अँटेना लावून तुम्ही चालू करता आणि लक्षात येतं की रिपीटर गावभर ऐकू येतोय, पण त्याला मात्र समोरच्या गल्लीतला सेटही नीट ऐकू येत नाही. हॅम लोक अशा रिपीटरला गमतीने 'अ‍ॅलिगेटर' म्हणतात. तोंड केवढं, आणि कान?

हे का होतं ते आकड्यांत बघा. चांगला रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकू शकतो. शेजारचा ट्रान्समीटर २५ वॉट फेकतोय. या दोन ताकदींचं गुणोत्तर म्हणजे तीनवर सोळा शून्यं, जवळजवळ १६५ डेसिबल. कानाशी लाऊडस्पीकर लावून दूरची कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे.

यात दोन वेगळे त्रास आहेत. पहिला, ट्रान्समीटरच्या मुख्य सिग्नलने रिसीव्हरचा पुढचा भाग बधिर होतो. दुसरा, ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूला थोडा खरखराटही सोडतो आणि तो नेमका रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर पडतो. हा दुसरा त्रास रिसीव्हरकडे कितीही फिल्टर लावून जात नाही, कारण तो आपल्याला हव्या असलेल्या फ्रिक्वेन्सीवरच बसलेला असतो. तो ट्रान्समीटरच्या तोंडाशीच अडवावा लागतो. ६०० किलोहर्ट्झच्या ऑफसेटला दोघांमध्ये साधारण ८० ते ९० डेसिबलचा आडोसा लागतो.

आडोसा कसा मिळवायचा?

_दोन अँटेना लांब ठेवून:_ १४५ मेगाहर्ट्झवर दोन उभ्या अँटेनांमध्ये ३० मीटर आडवं अंतर ठेवलं तर हिशोबाने सुमारे ४५ डेसिबल मिळतात. तेच ३० मीटर एकीच्या बरोबर वर दुसरी असं ठेवलं तर सुमारे ७५. कारण उभी अँटेना डोक्यावर आणि पायाखाली फारसं काही पाठवत नाही. पण एवढा उंच टॉवर आपल्याकडे कुठे असतो?

_डुप्लेक्सरने:_ हे धातूच्या पोकळ नळकांड्यांचे फिल्टर असतात. प्रत्येक नळकांडं एका फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेलं असतं आणि त्याची लांबी लहरीच्या साधारण पाव भागाएवढी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला अर्धा मीटर. ट्रान्समीटरकडची नळकांडी त्याचा खरखराट अडवतात, रिसीव्हरकडची मुख्य सिग्नल अडवतात, आणि दोघांना एकच अँटेना पुरते. यात दीड डेसिबल वाया गेले तर २५ वॉटचे १८ वॉट उरतात. ते चालतं. मात्र चांगला व्हीएचएफ डुप्लेक्सर महाग असतो, अनेकदा दोन्ही जुन्या रेडिओंपेक्षाही. बाजारातले स्वस्त, चपटे यूएचएफ डुप्लेक्सर सहसा ५ मेगाहर्ट्झ किंवा जास्त फरकासाठी बनवलेले असतात. भारतात हॅमसाठी यूएचएफचा पट्टाच ४३४ ते ४३८, म्हणजे ४ मेगाहर्ट्झचा आहे. परदेशी व्हिडिओ बघून ऑर्डर करण्याआधी हे लक्षात ठेवा.

_क्रॉसबँडने:_ एक रेडिओ व्हीएचएफवर ऐकतो, दुसरा यूएचएफवर पाठवतो. फरक जवळजवळ २९० मेगाहर्ट्झचा, त्यामुळे स्वस्त डायप्लेक्सर किंवा थोड्या अंतरावरच्या दोन अँटेना पुरतात. वापरणाऱ्यांकडे ड्युअल बँड सेट हवेत, एवढीच अट. व्हीएचएफवर ट्रान्समिट करणार असाल तर एक खोच आहे: १४५ ची तिप्पट ४३५, म्हणजे तिसरा हार्मोनिक सरळ यूएचएफ पट्ट्यात पडतो. म्हणून फ्रिक्वेन्सी निवडताना तीनने गुणून बघा. पहिला प्रयोग आणि आपत्तीत घाईने उभा करायचा रिपीटर, दोन्हीसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

केबलही महत्त्वाची. साध्या आरजी-५८ च्या जाळीतून सिग्नल गळतो आणि डुप्लेक्सरची सगळी मेहनत वाया जाते. आतल्या जोडण्यांना आरजी-२१४ सारखी दुहेरी जाळीची केबल वापरा.

उष्णता आणि वीज

मोबाईल रेडिओ सतत बोलण्यासाठी बनवलेला नसतो. त्याच्या वापरात थोडाच वेळ पाठवणं आणि बाकीचा बहुतेक वेळ ऐकणं किंवा शांतता धरलेली असते. रिपीटरमध्ये तो तासनतास बोलतो. म्हणून ५० वॉटचा सेट १० ते १५ वॉटवर आणा आणि हीटसिंकवर पंखा लावा. पॉवर पाव केली तरी सिग्नल फक्त ६ डेसिबलने कमी होतो. उंची असेल तर तो फरक सहज भरून निघतो.

बॅटरीचा हिशोबही करून ठेवा. शांत असताना दोन्ही सेट मिळून ०.८ अँपिअर घेतात आणि १० वॉटवर पाठवताना आणखी साडेचार, असं धरू. दिवसातला पाचवा भाग बोलणं चाललं तर सरासरी १.७ अँपिअर, म्हणजे २४ तासांत सुमारे ४१ अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवायची नाही असं ठरवलं, तर १०० अँपिअर-तासाची बॅटरी एक दिवस काढते. पूर तीन दिवस राहिला तर? म्हणून सोलर पॅनेल आधीच लावलेलं बरं.

चाचणी आणि परवानगी

रिपीटर बहिरा आहे का हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एकाला कमी पॉवरवर इतक्या लांब उभं करा की ऐकणाऱ्या रेडिओवर त्याचा आवाज खरखरीसकट जेमतेम येईल. मग पाठवणारा रेडिओ चालू करा. आवाज तसाच राहिला तर उत्तम. खरखर वाढली किंवा आवाज गेला, तर पाठवणाऱ्याला अँटेनाऐवजी डमी लोड लावून पुन्हा बघा. त्रास थांबला तर दोष अँटेनांच्या अंतरात किंवा डुप्लेक्सरमध्ये. तरीही राहिला तर केबल किंवा रेडिओची पेटी गळतेय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: भारतात हे परवान्याशिवाय करता येत नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगची परीक्षा देऊन हॅम परवाना आणि व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं कॉल साइन घ्यावं लागतं. रिपीटरसाठी वेगळी परवानगी लागते, म्हणून तो बहुतेकदा क्लबच्या नावावर उभा राहतो. ही नुसती कागदपत्रांची कटकट नाही. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर आपोआप चालू होणारा ट्रान्समीटर डोंगरावर असेल, तर तो शंभर किलोमीटरच्या परिसरात कोणाचंही, अगदी बचाव पथकाचंही बोलणं झाकू शकतो.

तेव्हा सुरुवात अशी करा: आधी परीक्षा, मग जवळचा क्लब शोधा, मग टेबलावर डमी लोड लावून क्रॉसबँडची जोडणी. टेबलावर ती सलग आठवडाभर न अडखळता चालली, की मगच डोंगराचा विचार करा. तुमच्याकडे कोणते सेट आहेत आणि कुठे अडताय ते नक्की कळवा!