मुंबई ते दुबई : विमान तीन तासांचे, प्रवास नऊ तासांचा

मालाचे नमुने घेऊन दुबईला जाणारे आपले व्यापारी व कारागीर बांधव सहसा एवढाच हिशेब करतात : विमान तीन तासांचे, सकाळी निघालो की दुपारी खरेदीदाराची भेट. हा हिशेब चुकला तर भेट हुकते आणि तिच्याबरोबर ऑर्डरही. म्हणून तो येथे नीट मांडून पाहू.

मुंबई व दुबई या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत कापले जावे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे यांत वेळ जातो. शिवाय विमान ठरलेल्या हवाई मार्गानेच जाते. त्यामुळे जाताना साधारण सव्वातीन तास धरावेत. वरच्या थरातील वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर संपतो.

आता घड्याळ पाहू. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान तेथील पावणेबाराला उतरते. परतताना मात्र हा दीड तास वाढतो. रात्री १० ला दुबईहून निघालात तर मुंबईत पहाटेचे अडीच वाजलेले असतात आणि तारीखही बदललेली असते. पुढच्या रेल्वेचे आरक्षण करताना ही तारीख जरूर तपासावी.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. भिवंडीच्या व्यापाऱ्याने विमानतळापर्यंत दीड तास, सामान व तपासणीसाठी तीन तास, उड्डाणाचे सव्वातीन तास आणि उतरल्यावर पासपोर्ट व सामानासाठी सव्वा तास धरला, तर बेरीज नऊ तास होते. म्हणजे सकाळी १० च्या विमानासाठी पहाटे साडेपाचला घर सोडावे लागते आणि दुबईच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत तेथील दुपारचा एक वाजतो. भेट चारची ठरवावी, एकची नव्हे.

तिकिटावरील विमानतळाचे नावही वाचावे. देऱ्याचा बाजार दुबईच्या जुन्या विमानतळाजवळ आहे. जबल अलीकडील अल मकतूम विमानतळावर उतरल्यास तोच बाजार रस्त्याने पन्नासहून अधिक किलोमीटर दूर पडतो. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे मग टॅक्सीत जातात.

वारही पाहावा. जानेवारी २०२२ पासून तेथील केंद्रीय सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी १२ ला बंद होतात आणि शनिवार-रविवार सुटी असते. कागदपत्रांचे काम असेल तर शुक्रवारी सकाळच्या विमानाने जाणे म्हणजे सोमवारपर्यंतचा मुक्काम अंगावर घेणे होय. अशा कामासाठी रविवारी निघावे, म्हणजे सोमवारी सकाळी कचेरी उघडताच काम सुरू करता येते.